उजवीकडून वाचायची वेणी

रझियाआपा,

परवा भाजी घ्यायला गेले होते. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं कोथिंबीर निवडता निवडता विचारलं, "तुमची ती विणणारी मैत्रीण कशी हाय? नांदेडलाच असती न्हवं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव, बरी हाय."

घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि मग खाली बसले. तुला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण भर बाजारात, हातात जुडी धरून, तू गेलीस हे दोन शब्द मला उच्चारता आले नाहीत. मुलगी म्हणते, आई, लिहून काढ, मोकळं वाटेल. मोकळं वाटायला मला नको आहे. तुझ्याशी बोलायचं राहिलंय, एवढंच आहे. आणि तुझ्याशी बोलताना मला कधी शब्द शोधावे लागले नाहीत. भांडताना तर मुळीच नाही.

मी उमरीहून लातुरात सून म्हणून आले ते दुष्काळाचं वर्ष होतं. माहेरची विहीरही तळाला गेली होती, पण ती घरची होती. इथं गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा आणि तो यायच्या कितीतरी आधीपासून घागरींची रांग लागायची. मी नवी नवरी. डोक्यावरून पदर, ओळख कुणाशीच नाही, नजर पायाच्या अंगठ्यावर. माझ्या पुढं तू होतीस. घागर जमिनीवर, आणि हातात दोन बारीक तारा, त्यांच्यावर मळकट निळी लोकर. घागरीच्या काठाला हात लावला तर चटका बसावा असलं ऊन, आणि तू लोकर विणत उभी!

मागची एक जण मोठ्यानं म्हणाली, "प्यायला पाणी न्हाई अन् हिला स्वेटर सुचून राहिलंय."

तू मान वर न करता म्हणालीस, "मावशी, मी रस्त्याकडं बघत बसले तर टँकर लवकर येतो का? मग मी इकडंच बघते."

मला हसू फुटलं. नव्या सुनेनं रांगेत हसायचं नसतं हे कळायच्या आत मी हसून गेले होते. तू वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "हसलीस न्हवं? मग ये, धर हे." आणि माझ्या हातात त्या तारा दिल्यास.

त्या सायकलच्या चाकाच्या तारा होत्या. सलीमभाईंचं, म्हणजे तुझ्या मालकांचं, सायकलदुरुस्तीचं दुकान गल्लीच्या कोपऱ्यावर होतं. बाजारातल्या सुया तुला जाड वाटायच्या, म्हणून त्यांनी तारांची टोकं घासून घासून तुला सुया करून दिल्या होत्या. लोकर एका जुन्या स्वेटरची, उसवलेली. त्या उन्हाळ्यात तू तीच लोकर विणायचीस, उसवायचीस, पुन्हा विणायचीस. मी विचारलं, "कुणासाठी करून राहिलीस?" तू म्हणालीस, "हातासाठी. त्यांना रिकामं बसायची सवय न्हाई."

सुलट टाका आणि उलट टाका मी त्या पाण्याच्या रांगेत शिकले. मी सुई अशी आवळून धरायची की टाका हलायचाच नाही. "जीव घेतीस का त्याचा? ढिला सोड की," असं तू ओरडायचीस. टँकरचा आवाज आला की बाया धावायच्या. तू मात्र आधी टाके तारेच्या मधोमध सरकवायचीस, लोकर गुंडाळायचीस, आणि मग घागर उचलायचीस. त्यात तुझा नंबर जायचा. म्हणून मी धावायला लागले आणि माझ्याबरोबर तुझीही घागर पुढं लावायला लागले. आपली मैत्री अशी सुरू झाली, आपा. कुणी विचारलं तर मी हेच सांगते, आणि ऐकणाऱ्याला ते फार साधं वाटतं.

मग पाऊसपाणी झालं, पोरं झाली. माझी गौरी, तुझी शबाना आणि अन्वर. तू गल्लीतल्या प्रत्येक तान्ह्याला टोपडं विणलंस. लातुरात थंडी असते किती, पण तुझी टोपडी घातली की पोरं घामानं निथळायची आणि त्यांच्या आया तरीही ती काढायच्या नाहीत.

आणि मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादपासून आपण वेगळे झालो. रोज नवी पाटी, नवं ऑफिस, भाड्यानं घर शोधणारी नवी माणसं. आमचं किराणा दुकान खाली आणि आम्ही मागच्या बाजूला. वरची खोली सासूबाईंनी पुरवठा खात्यातल्या एका साहेबांना भाड्यानं दिली. कुलकर्णीसाहेब आणि त्यांच्या मिसेस. अख्ख्या गावाला नवं काहीतरी घडतंय असं वाटत होतं. दुकानात उभं राहिलं की तेच बोलणं.

त्याच दिवसांत एका दुपारी सलीमभाई दुकानात बसल्या बसल्या छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले.

तू इद्दतीत बसलीस. नवरा गेल्यावर बाईनं ठरलेले महिने घराबाहेर पडायचं नसतं, हे मला तेव्हा तुझ्याकडूनच कळलं. सलीमभाईंचे मोठे भाऊ करीमभाई नांदेडहून आले होते. घड्याळं दुरुस्त करायचे ते. कमी बोलणारा, सरळ माणूस. जाताना दारात उभं राहून म्हणाले, "इद्दत पुरी झाली की येतो. तुला अन् बच्च्यांना घेऊन जातो. फिकीर करू नको."

सगळ्यांना बरं वाटलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "चांगली माणसं हायत बाई. पोरीचं नशीब." तू सगळ्यांपुढं मान हलवलीस. सगळे गेल्यावर मला म्हणालीस, "मला जायचं न्हाई, नंदा."

"का गं? ते काय वाईट हायत?"

"वाईट असते तर सोपं होतं. चांगले हायत. मला एक खोली देतील, दोन वेळा खायला घालतील, ईदला साडी घेतील. अन् मी मरेपर्यंत सलीमची बेवा म्हणून त्या खोलीत बसेन. इथं मला लोक रझिया म्हणून हाक मारतात."

"मग करणार काय?"

"ठाऊक न्हाई. इद्दत संपायच्या आत ठरवते."

तेव्हा तुझ्या आवाजात रडणं नव्हतं. मी रडत होते.

ज्या पिशवीनं पुढचं ठरवलं, ती आली कुलकर्णीबाईंकडून. एक दिवस त्या जिना उतरून खाली आल्या, हातात विणकामाचं इंग्रजी मासिक. कुणीतरी नातेवाइकानं परदेशातून आणलेलं. त्यात एका हॅन्डबॅगचा फोटो होता. सायीच्या रंगाची लोकर, आणि तिच्यावर खालून वर चढत गेलेल्या जाडजूड वेण्या, एकीतून एक, जणू कुणी विणकामावर केस विंचरून घातलेत. वर लाकडी गोल कड्या. मी नकळत त्या कागदावर बोट फिरवलं; वेणी हाताला लागेल असं वाटलं.

"हे विणलेलं हाय?" मी विचारलं.

"हो ना. पण मला नाही जमलं," त्या म्हणाल्या. "हा बघा, शेजारी चौकटींचा तक्ता आहे. त्यावरून करायचं असतं. कुणी करून देणारं असेल तर मला हवीच आहे, आणि आमच्या ऑफिसातल्या बायका तर मागेच लागतील. इथं मिळतंय काय हातात धरायला!"

मासिक फाडायचं तर त्यांच्या जिवावर आलं. मग गौरीच्या गणिताच्या वहीतलं चौकटींचं एक पान घेतलं आणि दोघींनी मिळून तो तक्ता त्यावर उतरवला. रिकामं घर म्हणजे सुलट टाका, ठिपका म्हणजे उलट, आणि एकमेकांवर पडलेल्या तिरक्या रेघा म्हणजे वेणीचा पीळ. खालचं इंग्रजी वाचून त्यांनी मला एवढं समजावून दिलं. मी ते पान पदराखाली धरून तुझ्याकडं आले.

तू ते उजेडाकडं धरून पाहिलंस. "हे काय आणलंस? कुणाच्या प्लॉटचा नकाशा हाय का?"

त्या दिवसापासून आपण त्याला नकाशाच म्हणत आलो.

सुरुवातीला तो आपल्याला काही दाद देईना. मी वाचायची आणि तू विणायचीस. मी आपली वरच्या ओळीपासून, डावीकडून सुरू करायची, जसं पुस्तक वाचतात तसं. वेणी म्हणून जे तयार व्हायचं ते वासरानं चघळलेल्या दाव्यासारखं दिसायचं. उसवायचं, पुन्हा घालायचं. पुन्हा तेच. शबाना शाळेतून आली की विचारायची, "अम्मी, आज पण उसवलं?" तू चिडून म्हणायचीस, "कागद खोटं बोलून राहिलाय, नंदा."

"कागद कशाला खोटं बोलंल?"

"मग तू खोटं वाचून राहिलीस."

एकदा तर तू सुया फेकून दिल्यास, आणि मी नकाशा घेऊन उठले. दारापर्यंत गेले आणि तू हाक मारलीस. "थांब. ते पान दे इकडं." तू ते मांडीवर ठेवलंस आणि घरांवरून नजर फिरवत राहिलीस. मग खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलंस.

"हा एकचा आकडा इथं का लिहिलाय?"

मासिकात होता तसा मी उतरवला होता. विचार केला नव्हता. एक खाली उजवीकडं. त्याच्या वरच्या ओळीचा दोन मात्र डावीकडं.

"बघ," तू म्हणालीस. "विणकाम खालून वर चढतं. मग नकाशा पण खालूनच वर जाणार. अन् एक उजवीकडं हाय. म्हणजे उजवीकडून डावीकडं." तुझं बोट सरकत गेलं आणि मधेच थांबलं. तू माझ्याकडं पाहिलंस आणि हसायला लागलीस. सलीमभाई गेल्यानंतर पहिल्यांदा, तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, हे तर उर्दू हाय! अन् तू मला आठ दिवस मराठी वाचून दाखवतीस!"

पण दुसऱ्या ओळीला तू अडकलीस. ती डावीकडून कशी? तुझी उर्दू काही डावीकडून परत येत नव्हती. तिथं मला माझ्या वडलांचं शेत आठवलं. मी म्हणाले, "आपा, औत कसं फिरतं? बांधापर्यंत गेलं की उचलून पुन्हा पहिल्या बाजूला नेतात का? तिथंच वळतं अन् तिथूनच परत येतं. सुई पण तशीच वळती न्हवं?"

तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. आनंद झाला की मारायची तुझी पद्धत. आणि मागच्या बाजूनं विणताना ठिपक्याचा अर्थ बदलतो, पुढून उलट दिसायला हवा तो टाका मागून सुलट घालायचा, हे तुला कुणी सांगावंच लागलं नाही. तुझ्या हातांना ते आधीपासून ठाऊक होतं. फक्त कागद आणि हात यांची भेट व्हायची राहिली होती.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुला कधी सांगितली नाही.

वेणीसाठी तिसरी सुई लागते. थोडे टाके तिच्यावर काढून घ्यायचे, पुढं किंवा मागं धरून ठेवायचे, पलीकडचे आधी विणायचे आणि मग हे. त्यानं टाके एकमेकांना ओलांडतात आणि पीळ पडतो. ही सुई मधे वाकवलेली असली की टाके घसरत नाहीत. तू म्हणालीस, "तार हाय घरात. मी वाकवते." दुसऱ्या दिवशी दुपारी मी आले तर दार लोटलेलं होतं. तू जमिनीवर बसली होतीस, समोर सलीमभाईंची हत्यारांची पेटी. तार वाकवून झाली होती. पक्कड मात्र तू खाली ठेवली नव्हतीस. तिच्या मुठींवर त्यांनी जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं, आणि रोजच्या कामानं त्यात त्यांच्या बोटांचे खळगे पडले होते. तू त्या खळग्यांत एकेक बोट बसवून पाहत होतीस. तुझी बोटं त्यात लहान पडत होती.

मी पाय न वाजवता मागं फिरले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि लांबूनच मोठ्यानं ओरडत आले, "आपा, हायस का घरात?" मी पोचले तेव्हा पेटी बंद होती. तू सुई पुढं केलीस. "बघ, झाली का न्हाई झकास?" मी म्हणाले, झाली. इतकी वर्षं मला वाटत राहिलं, विचारावं, त्या दिवशी तू रडलीस का. विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. काही गोष्टी आपल्या दोघींत अशाच राहिल्या आणि त्यांनी काही बिघडलं नाही.

मग काम सुरू झालं. मी बोलायची आणि तू विणायचीस. लोकर दुहेरी घेतलीस, सुया बारीक, त्यामुळं विणकाम घट्ट झालं, पिशवीला हवं तसं. रोज दुपारी दुकानातलं आवरून मी यायची. "तीन टाके तिसरीवर, पुढं धर. आता तीन सुलट. आता तिसरीवरचे तीन." खोलीत दुसरा आवाज नसायचा. नांगरणीच्या वेळी वडील बैलांशी बोलायचे, तसं माझं ते बोलणं तालात यायला लागलं.

आणि ती चूक. पिशवीच्या बुडाशी, डावीकडून दुसऱ्या वेणीला, एक पीळ उलटा पडलेला. आपल्याला दिसला तेव्हा वीतभर विणून झालं होतं. मी म्हणाले, उसव. तू म्हणालीस, "नक्को. उसवत बसले तर इद्दत संपेल."

पण मी 'मागं' म्हणाले, हे तुझं म्हणणं. आणि मी 'पुढं'च म्हणाले होते. तू त्याच वेळी अन्वरला ओरडत होतीस. हे भांडण आपण किती वर्षं चालवलं! ईदला शीरखुर्मा खाताना चालवलं, गौरीच्या लग्नात मांडवात बसून चालवलं. या उन्हाळ्यात फोनवर तू खोकत खोकत म्हणालीस, "आता तरी कबूल कर, नंदा." मी म्हणाले, "कशाला? तूच ओरडत होतीस." आता तू नाहीस म्हणून निकाल माझ्या बाजूनं लागला, असं मी धरणार नाही. तू असतीस तर एवढ्यावर ऐकलं नसतंस. भांडण चालू आहे असंच समज.

कड्या लाटणी बनवणाऱ्या काताऱ्याकडून करून आणल्या. अस्तराला सासूबाईंनी ट्रंकेतला जांभळा खण काढून दिला. मला आश्चर्य वाटलं. त्या म्हणाल्या, "बाहेरून लोक बघतेत. पण बाई पिशवी उघडती तेव्हा आतच बघती. आत बरं दिसाय पायजे."

कुलकर्णीबाई ती पिशवी हातात घालून नव्या ऑफिसातल्या कसल्याशा कार्यक्रमाला गेल्या. तो उलटा पीळ त्यांना दिसला नाही. किंवा दिसला असेल, बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात आमच्या जिन्यावर नव्या नव्या चपलांचा आवाज यायला लागला. कुणाला काळी हवी, कुणाला लाल, कुणाला साडीवर जुळणारी. मी दुकानात उभी राहून सगळ्यांना एकच सांगायची, "मिळंल. जरा थांबावं लागंल." तू घरात बसून होतीस आणि तुझं नाव लातुरातल्या नव्या वसाहतीत फिरत होतं.

इद्दत पुरी झाली आणि करीमभाई आले. बरोबर त्यांच्या बेगम, तुझ्या थोरल्या जाऊबाई. मी उठायला लागले तर तू माझा हात धरून खाली बसवलंस. मी भिंतीला टेकून बसले. तुझ्या हातात अर्धी पिशवी होती आणि तू विणत होतीस.

करीमभाई म्हणाले, "सामान बांधलं का? दुपारची गाडी हाय."

"न्हाई बांधलं, भाईजान. मी इथंच राहते."

"कशी राहतीस? दोन बच्चे हायत. अकेली औरत."

तू हातातली पिशवी त्यांच्यापुढं केलीस. त्यांनी खिशातला चष्मा काढला. घड्याळं उघडणारी बोटं ती. त्यांनी वेणीवरून हात फिरवला, उलटं करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"हे कुणी शिकवलं?"

"कागदानं."

"कोणत्या जुबानीत हाय कागद?"

"कोणत्याच न्हाई. घरं घरं हायत नुसती. वाचून दाखवू?"

आणि तू ते वहीचं पान काढून, उजवीकडून डावीकडं बोट फिरवत, त्यांना एक ओळ वाचून दाखवलीस. मग वळून दुसरी. मला हसू येत होतं आणि रडूही. ते मान तिरकी करून ऐकत होते.

"अन् काम मिळालं न्हाई तर?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरीच काळजी होती.

"तर मीच नांदेडला येईन, भाईजान. तुम्हाला न्यायला यावं लागणार न्हाई."

बाहेर गल्लीतून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मग इतका वेळ गप्प बसलेल्या तुझ्या जाऊबाईंनी ती पिशवी नवऱ्याच्या हातातून काढून घेतली, शेजारी ठेवलेल्या लाकडी कडीत हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "राहू द्या तिला." आणि तुला म्हणाल्या, "मला पण एक कर. पण ही कडी जरा मोठी ठेव. माझा हात जाड हाय."

करीमभाईंनी चष्मा काढून मिटला. जाताना दारात थांबले. "लोकर कुठून घेतीस?" तू म्हणालीस, इथं दोनच रंग मिळतात. "गुरुद्वाऱ्याच्या बाजूच्या बाजारात चांगली मिळती. रंग लिहून दे. घेऊन येतो." आणि आणत राहिले. दर वेळी कुरकुर करत, दर वेळी सांगितल्यापेक्षा एक रंग जास्त.

तू राहिलीस, आपा. तू राहिलीस म्हणून मीही नुसती किराणा दुकानाची मालकीण झाले नाही. आमच्या मागच्या खोलीत वर्ग भरायला लागला. चाकूरहून पोरी एसटीनं यायच्या. तू प्रत्येकीपुढं नकाशा ठेवायचीस आणि म्हणायचीस, "आधी मला यात एक कुठं हाय ते सांग." पोरगी शोधायची, तू वाट बघायचीस. कुणी टाके चुकवून रडायला लागली की तू तिच्या हातातून काम घ्यायचीस, सर्रकन उसवायचीस आणि लोकर परत द्यायचीस. पोरी तुला घाबरायच्या आणि सणावाराला आधी तुझ्याच घरी जायच्या. शबाना तुझ्या पिशव्यांवर शिकली, शाळेत मास्तरीण झाली.

मग अन्वरला रेल्वेत नोकरी लागली, नांदेडला क्वार्टर मिळालं, आणि तू निघालीस. मी चिडले. "तेव्हा करीमभाई न्यायला आले तर गेली न्हाईस. आता कशी जातीस?"

तू बांगड्यांची डबी ट्रंकेत ठेवत होतीस. "तेव्हा मला नेत होते, नंदा. आता मी जाऊन राहिले."

स्टॅन्डवर मी तुझी ट्रंक धरून गप्प उभी होते. खिडकीतून तू म्हणालीस, "काहीतरी बोल की गं." मी म्हणाले, "पोचलीस की फोन कर." एवढंच. तुझ्यावाचून माझी दुपार कशी जाणार, हे बोलायचं होतं.

गेली ना दुपार. वर्ग मी चालवला, अजून चालवते. लातुरात पुन्हा पाण्याचे हाल झाले, रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तू फोनवर धमकावलंस, "ये इकडं. गोदावरी हाय इथं, मेली न्हाई अजून." मी आले, महिनाभर राहिले. तुझी नजर तोवर अधू झाली होती. नकाशातली घरं तुला एकमेकांत मिसळलेली दिसायची. मी वाचायची, तू विणायचीस. अन्वरची बायको म्हणायची, या दोघी काय मंत्र म्हणून राहिल्यात? माझ्या आयुष्यातला तो फार चांगला महिना होता. हे मी तेव्हा तुला सांगितलं होतं, आणि तू म्हणालीस, "मग चहा कर."

शबानाचा फोन सकाळी आला. मी मिळेल त्या गाडीनं निघाले, पण पोचले तेव्हा तुला नेलं होतं. रिक्षातून उतरले तर अन्वर दारात उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस, केस पांढरे झालेला.

तिसऱ्या दिवशी बायकांच्या खोलीत पांढरी चादर अंथरली होती. मधे चिंचोक्यांचा ढीग. बायका गोल बसून एकेक चिंचोका उचलत, ओठांतल्या ओठांत तुझ्यासाठी कलमा पढत, दुसऱ्या बाजूला ठेवत होत्या. मी दाराशी टेकले. तिथल्या बऱ्याच जणी मला ओळखत नव्हत्या. माझ्या कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. मी इथं काय करावं मला कळेना. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडं पाहिलं, सरकून जागा केली आणि दोन्ही हातांची ओंजळ भरून चिंचोके माझ्यापुढं ओतले.

मी पहिला उचलला. सवयीनं ओठावर 'नमः शिवाय' आलं. तो ठेवला, दुसरा उचलला, आणि मग मला दुसरं काही म्हणावंसंच वाटलं नाही. मी तुझं नाव घेतलं. रझिया. तिसरा उचलला. रझिया. कुणी विचारलं नाही मी काय म्हणतेय. चिंचोके इकडून तिकडं जात होते, बायकांचे ओठ हलत होते, आणि त्यांच्यात माझेही. माझ्यापुढचे संपले तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईनं आणखी एक ओंजळ टाकली.